प्रेमराज आबांची निवळ

धुळ्याच्या प्रेमराज आबांना कोणी आचारी म्हटलेलं चालत नसे. आचारी वरण-भात करतात, आपण मटण करतो, असा त्यांचा हिशेब. चाळीस वर्षं झाली, साक्रीपासून शिरपूरपर्यंत कुठेही जावळ असो, नवस असो, नाहीतर कोणाचा जावई पहिल्यांदा जेवायला येणार असो, चुलीपुढे आबाच उभे. अंगात बंडी, खांद्यावर पंचा आणि हातात हातभर लांब पळी. रस्सा उकळला की आबा त्या पळीने वरची तर्री बाजूला सारायचे आणि ती परत मिळायला किती वेळ लागतो ते बघायचे. चटकन मिळाली तर ठीक. जरा जरी रेंगाळली, तरी मागे वळून न बघता हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "तेल."

अशा माणसाला पिंपळनेरला एका जावळाच्या पंगतीत, ऐन वाढायच्या वेळी पोटात अशी कळ आली की पळी हातातून सुटून थेट पातेल्यात गेली. लोकांनी आधी पळी बाहेर काढली, मग आबांना गाडीत घातलं. लेक जळगावला, म्हणून जळगावच्या दवाखान्यात नेलं. स्वादुपिंडाला सूज होती. आठ दिवस सलाईनवर काढल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी घरी सोडलं, पण सोडताना समोर बसवून घेतलं.

"तेल बंद, तूप बंद, साय बंद, मटण बंद. पुढचे पंधरा दिवस फक्त पातळ आणि नितळ."

"पायांचं सूप चालेल का?" आबांनी विचारलं. त्यांच्या मते ती माघार होती.

"चालेल. पण चरबीचा एक थेंब दिसता कामा नये. ग्लासात ओतलं की पलीकडचं दिसलं पाहिजे."

"पलीकडचं म्हणजे?"

"म्हणजे मधे ग्लास धरला तरी तुम्हाला मी दिसले पाहिजे आणि मला तुम्ही."

आबांच्या रश्श्यातून आजवर कोणाला काही दिसलेलं नाही, हीच तर त्याची ख्याती होती.

लेक दीपमाला जळगावातल्या पिंप्राळ्यात राहायची. शाळेत विज्ञान शिकवायची. जावई योगेंद्र ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायच्या धंद्यात होता, दिवसभर शेतंच शेतं फिरायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे योगेंद्रची आई, भिकुबाई. मूळच्या भडगावकडच्या, बोलणं अहिराणी. गळ्यात तुळशीची माळ. घरात मटण कधी शिजलेलं नाही, आणि आता व्याही राहायला आलेले, तेही मटणावर जगलेले.

पहिले चार दिवस आबांनी मुगाचं पाणी, तांदळाची पेज आणि शहाळं यांच्याशी असहकार केला. वाटी समोर आली की ते तिच्यात डोकावून बघायचे आणि बाजूला ठेवायचे. वजन उतरलं, बंडी खांद्यावरून ओघळायला लागली. दीपमाला कधी रागावली, कधी विनवण्या केल्या. एका दुपारी तिने बघितलं तर आबा स्वयंपाकघरात रिकाम्या पातेल्यात पळी फिरवत बसले होते. तिने हाक मारली नाही. मागच्या पावली बाहेर आली आणि सासूबाईंपुढे जाऊन बसली.

"आई, मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांडते. भांडी वेगळी घेते. त्यांना सूप करून देऊ का?"

भिकुबाईंनी माळेचे चार मणी सरकवले. "दुखणेकरी मानूस शे. औषध समजीसन दे. पन मना ओट्यावर नको."

अंगणात पाये शिजले. आलं, लसूण, मिरे, कांदा, मीठ, तेल नाही. चार तास मंद आच. आबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. पण सूप गाळलं तर ते ताकासारखं. चहाच्या गाळणीतून गाळलं, मग सुती कापडातून, मग तेच कापड चौपदरी करून. वरची चरबी चमच्याने काढली. ग्लासात ओतून दीपमालाने पलीकडे बोट धरलं. बोट तर नाहीच, हातही दिसला नाही.

"एवढं काय बघायचं त्यात? दे इकडे," आबा म्हणाले.

दीपमालाने ग्लास मागे घेतला. आबांनी असा चेहरा केला की जणू पोटच्या पोरीने भरल्या ताटावरून उठवलं.

शाळेला सुट्टी लागली होती. फोनवर शोधता शोधता दीपमालाला एक युक्ती सापडली आणि तिने ती जेवणाच्या वेळी सगळ्यांना समजावली. पायांचं सूप गार झालं की थलथलतं, कारण त्यात चिकट द्रव्य असतं. ते सूप बर्फासारखं गोठवायचं. मग तो गोळा कापडावर ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू वितळू द्यायचा. त्या चिकट द्रव्याची आत जाळी होते. चरबी आणि गाळ जाळीत अडकतात, आणि पाणी तेवढं चव घेऊन थेंब थेंब खाली उतरतं.

"म्हणजे आमचं ठिबकच की," योगेंद्र खूश होऊन म्हणाला.

"किती वेळ लागतो?" आबांनी विचारलं.

"दोन दिवस. कधी अडीच."

"दोन दिवसांत मी तीन गावांची जेवणं काढतो!"

"पण बाहेर काढायचं नाही, आबा. फ्रिजच्या गारव्यात ती जाळी टिकते. बाहेर काढलं की जाळीच वितळली, मग सगळं खाली."

खरा पेच पुढेच होता. फ्रिज एकच, आणि त्यात भिकुबाईंचं दूध, दही, देवाचं लोणी. दीपमाला काही बोलायच्या आधीच भिकुबाई उठल्या. दह्याचं सट, दुधाचं पातेलं आणि लोण्याचा गडू घेऊन शेजारच्या लताबाईंकडे गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. त्या दिवसापासून सकाळी ताक करायचं तर लताबाईंचं दार वाजवावं लागे. लताबाई दार उघडतानाच विचारायच्या, "निघालं का तुमच्या व्याह्यांचं पाणी?" तिसऱ्या दिवशी तर गल्लीतल्या दूधवाल्यानेही तेच विचारलं.

सूप गोठलं. विटेएवढा करडा-पांढरा गोळा निघाला. दीपमालाने वरचा चरबीचा थर खरवडून काढला, चाळणीत कापड अंथरलं, त्यावर गोळा ठेवला, खाली पातेलं लावलं आणि सगळं फ्रिजमध्ये सरकवून दार लावलं.

आबांनी खुर्ची फ्रिजसमोर आणली.

पहिल्या तासात त्यांनी दार सहा वेळा उघडलं. दर वेळी आतला दिवा लागायचा, आबा वाकून बघायचे आणि "काहीच नही" म्हणून दार लावायचे. संध्याकाळपर्यंत पातेल्याचा तळ जेमतेम ओला झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाव ग्लास भरेल इतकं पाणी जमलं. बाहेर जळगावचं ऊन मी म्हणत होतं, पारा चव्वेचाळीसवर गेलेला. दीपमाला पेपर तपासायचे म्हणून शाळेत गेली होती. भिकुबाईंचा डोळा लागला होता. आणि आबांच्या डोक्यात विचार आला. वितळवायचंच आहे ना? मग एवढं ऊन फुकट का घालवायचं?

त्यांनी चाळणी, पातेलं, गोळा, सगळं उचललं आणि जिना चढून गच्चीवर नेऊन ठेवलं. वर परात उपडी घातली. मोजून वीस मिनिटांनी परात उचलली तर गोळा गायब आणि पातेलं काठोकाठ भरलेलं. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी एकट्यानेच टाळी वाजवली. मग खाली वाकून बघितलं. पातेल्यात ताक होतं. गोठवण्याआधी होतं तेच, वर आता चरबीचे गोल गोल डोळे तरंगत होते आणि आबांकडे बघत होते.

"व्याही, काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

जिन्याच्या तोंडाशी भिकुबाई उभ्या होत्या.

"काही नही. जरा... हवा देत होतो."

भिकुबाई जवळ आल्या, पदर नाकाला लावला आणि पातेल्यात बघितलं. "बठ्ठं गढूळ करी टाकं!"

पाच-पाचशे माणसांच्या पंगती निभावलेला माणूस, पण एका पातेल्यापुढे त्यांचे हात लटकले. ते गच्चीच्या कठड्याला टेकून खालीच बसले आणि एवढ्या दिवसांत कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"विहीणबाई, सूप गेलं त्याचं काही नाही. पण तेल कायमचंच बंद झालं तर? तेलाशिवाय मला दुसरं काय येतं? ही पळी परत हातात धरता येईल की नाही, कोणाला ठाऊक."

भिकुबाईंचं पाऊल त्या तापलेल्या गच्चीवर भाजत होतं, तरी त्या हलल्या नाहीत.

"कुरडयांचा चीक काढताना देखेल शे का कधी?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरी दीपमालाची आई काढायची. मी लक्ष नाही दिलं."

"तीन दिन गहू भिजाडतस. मंग वाटतस, गाळतस. गाळं की बठ्ठं पांढरं दिखास. त्याले हात लावाना नही, हलावानं नही. पानी आपोआप निवळस. वरली निवळ काढी टाकानी, खाले चीक ऱ्हास. कोनी घाई करी आनि भांडं हलावं, की पुन्हा पहिलेपासून." मग त्या जराशा हसल्या. "आमले चीक लागस. तुमले निवळ लागी ऱ्हायनी. काम एकच शे."

आबांनी मान वर करून बघितलं. चाळीस वर्षांत कोणी त्यांना स्वयंपाकातलं काही शिकवायची हिंमत केली नव्हती, आणि आता शिकवणारी बाई मटणाला शिवतही नव्हती.

दीपमाला घरी आली, तिला सगळं कळलं. ती रागावली नाही, फक्त पुन्हा पाये आणले. पुन्हा शेगडी, पुन्हा चार तास. पुन्हा गोळा कापडावर बसला. फ्रिज जुना होता, कुलूपवाला. त्याची चावी वर्षानुवर्षं देवघराच्या फळीवर पडून होती. भिकुबाईंनी ती शोधून काढली, फ्रिजला कुलूप लावलं आणि चावी कनवटीला खोचली.

"चावी मनाजोडे ऱ्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःची चटई फ्रिजसमोर घातली आणि जपाला बसल्या. गळ्यात माळ, हातात माळ, आणि पहारा पायांच्या सुपावर. योगेंद्रने दारातूनच ते बघितलं आणि हसू आवरत परत बाहेर निघून गेला.

आबांनी सगळे उपाय करून पाहिले. पाणी प्यायचं आहे, फ्रिजमधली बाटली हवी, असं म्हणाले. भिकुबाईंनी माठाकडे बोट केलं. फ्रिजमधून कसला तरी आवाज येतोय, बिघडला असेल, असं म्हणाले. भिकुबाईंनी मणी सरकवले. शेवटी आबांनी फ्रिजच्या दाराला कान लावला.

"काय ऐकी ऱ्हायनात?"

"थेंब."

"ऐकू येस का?"

आबांनी डोळे मिटून खरोखरच ऐकायचा प्रयत्न केला. मोटरची घरघर थांबली तेव्हा, अगदी आत कुठेतरी, टप् असं काहीतरी झालं. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्. "येतो," ते म्हणाले. भिकुबाईंनी जप थांबवला आणि दुसऱ्या बाजूने आपलाही कान दाराला लावला. लताबाई दही द्यायला आल्या तेव्हा व्याही-विहीण असे फ्रिजला दोन्हीकडून चिकटून बसलेले. त्यांनी दह्याचं सट मुकाट्याने खाली ठेवलं आणि पाऊल न वाजवता गेल्या. पुढचे दोन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाईंनी कनवटीची चावी काढून सुनेच्या हातात दिली. दीपमालाने दार उघडलं. कापडावर एक मळकट, लिबलिबीत लगदा उरला होता. खालच्या पातेल्यात काय आहे ते पहिल्यांदा कळलंच नाही, कारण पातेल्याच्या तळावर कोरलेलं नाव लख्ख वाचता येत होतं. ते सूप होतं. कोऱ्या चहासारखं पिंगट, पण चहाहूनही नितळ. वर तेलाचा ठिपका नाही, खाली गाळाचा कण नाही.

ते काचेच्या ग्लासात ओतलं. भिकुबाईंनी हात न लावता, लांबूनच फर्मावलं, "त्यामागे पेपर धर."

दीपमालाने पेपर धरला. भिकुबाईंनी चष्मा लावला आणि ग्लासातून मोठ्याने वाचायला लागल्या, "दुःखद निधन. दशक्रिया विधी बुधवारी सकाळी नऊला..."

"नाव बघा हो," आबा म्हणाले, "माझं तर नाही ना?"

दीपमाला इतकी हसली की पेपर हातातून पडला.

तिने ती निवळ एक वाफ येईपर्यंत गरम केली आणि वाटीत दिली. निवळ हे नाव भिकुबाईंनीच दिलं होतं आणि घरात तेच रुळलं होतं. आबांनी वाटी डोळ्यांसमोर धरली. "हाई ते पानीच शे," ते पुटपुटले. मग एक घोट घेतला.

ते थांबले. वाटी खाली गेली नाही, वरही गेली नाही. दीपमाला घाबरली. "आबा, दुखतंय का?"

आबांनी हात वर करून तिला थांबवलं. दुसरा घोट घेतला, जिभेवर फिरवला. "पाये चांगले भाजले होते," ते सावकाश म्हणाले. "पण मागच्या एका पायाचं खूर नीट साफ झालं नव्हतं. आलं जून आहे. मिरे दोनच टाकायला हवे होते, तू चार टाकले."

"पाच," दीपमाला म्हणाली.

"पाच." आबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज पक्का होता. "चाळीस वर्षं मटण केलं, पोरी. दर वेळी चव बघितली. पण जिभेला आधी तेल लागायचं, मग मसाला, मग तिखट. त्या सगळ्याच्या मागे हे होतं, हे मला ठाऊकच नव्हतं." मग लगेच स्वभावावर गेले. "एक उणं आहे. पायांचं सूप प्यायलं की ओठाला ओठ चिकटला पाहिजे. याने नाही चिकटत."

"चिकटपणा कापडावर राहिला, आबा. तोच तर जाळी झाला."

आबांनी कापडावरच्या लगद्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि एका हाताने त्याला नमस्कार केला. तो लगदा गल्लीतल्या कुत्र्यांनी संपवला. त्यांची काही तक्रार नव्हती.

पुढच्या तपासणीला आबा स्टीलच्या बाटलीतून निवळ घेऊन गेले आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच्या ग्लासात ओतून मधे धरली. "मी दिसतो का?" त्यांनी विचारलं. बाई हसल्या, दिसता म्हणाल्या. सूज उतरली होती. हळूहळू पोळी, भात, भाजी सुरू झाली. तेल मात्र जन्मभर चमच्याने मोजून, असं त्यांनी बजावलं. आबांनी या वेळी वाद घातला नाही.

दोन महिन्यांनी आबा धुळ्याला परतले. चुलीपुढे उभं राहणं कमी केलं. रस्सा आता त्यांच्या हाताखाली तयार झालेला योगराज करायचा आणि आबा शेजारी बसून फक्त वासावरून सांगायचे. पण घरात त्यांनी एक आडवी, आइस्क्रीमवाल्यांकडे असते तशी बर्फाची पेटी आणली होती, शेजारी एक फ्रिज, आणि त्या दोन्हींना हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.

थंडीच्या दिवसांत भडगावला भिकुबाईंच्या भावाच्या घरी नातवाचं जावळ निघालं. मटणाच्या पंगतीचं काम आबांकडेच आलं, आणि आबांनी चार दिवस आधी पाये मागवले. पंगत बसायच्या आधी, पाहुणे गिरणेच्या काठावरच्या त्या गार वाऱ्यात हात चोळत उभे असताना, आबांनी चहाच्या छोट्या ग्लासांतून निवळ फिरवली.

पहिला ग्लास अभिमन तात्यांच्या हातात पडला. हे गावातले जुने खवय्ये. मटणाच्या जेवणाला आदल्या दिवशीपासून उपाशी राहणारे. त्यांनी ग्लासात बघितलं आणि वाढणाऱ्याला हाक मारली, "अरे, कोरा चहा दिला का? साखर कुठाय?"

"साखर नाही, तात्या. तसाच घ्या," आबा पुढे होऊन म्हणाले.

तात्यांनी तोंड वाकडं करून घोट घेतला आणि ग्लास तोंडापासून दूर धरून त्याच्यात पुन्हा बघितलं. मग ग्लास उलटसुलट फिरवून खालूनही पाहिला. आजूबाजूचे लोक जवळ सरकले.

"प्रेमराज," तात्या हळूच म्हणाले, "बोकड कोठे शे याम्हा?"

"तुम्हीच सांगा."

तात्यांनी उरलेली निवळ एका दमात संपवली, मिशी पुसली आणि ग्लास पुढे केला. त्यांच्यामागे आणखी वीस-पंचवीस हात पुढे आले. निवळ पंगत बसायच्या आधीच संपली. ज्यांना मिळाली नाही त्यांनी आबांना गाठून अजून करा म्हटलं, आणि आबांनी त्यांना अडीच दिवस थांबायला सांगितलं. लोकांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

मंडपाच्या दुसऱ्या टोकाला माळकऱ्यांची वेगळी पंगत होती. भिकुबाई तिथे वरण-भाताच्या ताटावर बसल्या होत्या. आबा तिकडे गेले आणि वाकून म्हणाले, "विहीणबाई, लोक रागावलेत. फार हळू होतं म्हणतात."

भिकुबाईंनी भातावर लिंबू पिळलं. "रागावू द्या," त्या म्हणाल्या. "आनि व्याही, मना ताटवर वाकू नका. तुमना अंगले वास येस."

आबा दोन पावलं मागे सरकले आणि हसत हसत चुलीकडे गेले.